अकरावा दात

मागच्या ॲक्सलचं झाकण उघडलं
तेव्हा तेल काळं होतं, पण खर नव्हती त्यात.
म्हणजे गाडी नीट वापरलेली.
झिगुली बुरुलायच्या नवऱ्याची, आता बुरुलायची.
कोचकोर ते नारिन, चार माणसं,
डिकीत बटाटे, कधी पाय बांधलेलं करडू.

"पेट्रोल खाते," ती म्हणाली.
सगळेच म्हणतात. मी दात मोजले.
मोठ्या चक्राला त्रेचाळीस, छोट्याला दहा.
दांडा चार वेळा फिरणार, वर आणखी थोडा,
तेव्हा कुठे चाक एकदा फिरणार.
जोर म्हणाल तर बैलाचा:
क्लच सोडला की मागे बसलेल्यांच्या टोप्या हलतात.
पण सपाटीवर, ऐंशीच्या पुढे,
तेच इंजिन ओरडत राहतं
भांडण मिटल्यावरही बोलत बसलेल्या माणसासारखं,
आणि त्या प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात.

माझ्याकडे एक जोडी होती, बालिकचीच्या भंगारातली.
त्रेचाळीस आणि अकरा.

"एकच दात जास्त?"
"एकच."
"दात कोरून पोट भरत नाही, तेमिरकुल."

तरी गाडी ठेवून गेली.
दोन रात्री लागल्या. पातळ चकत्या घालायच्या, काढायच्या,
दातांना निळा रंग लावून बघायचं
कुठे घासतं, कुठे नुसतंच शिवतं.

तीन आठवड्यांनी वही घेऊन आली.
दहा लिटरला शंभर किलोमीटर, आधी.
दहा लिटरला शंभर, आता.
"आणि दोलोनच्या चढावर चौथा गिअर रडतो,
तिसऱ्यात दम लागतो, दुसऱ्यात टाकावी लागते.
म्हातारा असकरबेक खाली उतरला,
म्हणाला, मी चालत निघतो,
माथ्यावर माझ्याआधी पोहोचलीस तर चहा माझा."
"मग?"
"चहा त्यानंच पाजला. पण विचारून विचारून पाजला."

चढाचं मला ठाऊक होतं.
सपाटीला जे दिलं ते चढाकडूनच काढलेलं असतं,
तिसरीकडून कुठून आणणार?
पण ते शंभर आणि शंभर
रात्रभर डोक्यात फिरत राहिले.

पहाटे उठून बसलो.
मीटरची तार चाकाला नसतेच.
ती गिअरबॉक्सला असते, दांड्याचे फेरे मोजते.
आणि दांडा आता कमी फिरतो.
कमी फिरावा म्हणूनच तर मी दोन रात्री जागलो होतो.

सकाळी तिला घेऊन रस्त्यावर गेलो,
धरणाच्या बाजूला, जिथे किलोमीटरचे खांब उभे आहेत.
अकरा खांब गेले.
मीटरवर दहा.
ती काही बोलली नाही. गाडी वळवली.
पुन्हा अकरा. पुन्हा दहा.
मग थांबली, उतरली, शेवटच्या खांबाला
हात लावून आली, पेंटही ओला नव्हता.

"म्हणजे मी गेले होते," ती म्हणाली.
"गेली होतीस."
"आणि हिनं लिहिलंच नाही."
बॉनेटवर वही ठेवून
तिथेच पेन्सिलीनं दुरुस्त करत बसली,
दर दहाला एक, दर दहाला एक.
वाऱ्यानं पानं उलटत होती, ती कोपरानं दाबत होती.
एका ओळीपाशी थांबली, अवघड बेरीज नव्हती ती,
तरी वेळ लागला.

"भाडं वाढवू?"
"भाडं माणशी आहे, बुरुलाय. किलोमीटरवर नाही."
"हं."
"आणि दोलोनवर सरळ दुसऱ्यात टाक.
वाट बघत बसू नकोस इंजिन गुडघ्यावर येण्याची."
"असकरबेक हसेल."
"हसू दे. चहा पाजतोय ना?"

गेली ती. तिसऱ्यातून चौथ्यात टाकल्याचं ऐकू आलं,
आवाज पूर्वीपेक्षा खाली उतरलेला,
बऱ्याच दिवसांनी घसा बरा व्हावा तसा.
गावाच्या वेशीशी साठची पाटी आहे.
मीटरवर बरोब्बर साठ ठेवते ती, मला माहीत आहे,
नवऱ्याची शिकवण.

म्हणजे सहासष्ट.

पाटीच्या मागे पोलीस बसतो
हे तिला सांगायचं राहूनच गेलं.